इंगाचा पत्ता

मंगळवारी सकाळी चहाचा मग बाजूला सरकवून लिंडसे प्रुएट संगणकासमोर बसला आणि बायकोच्या, कोरलच्या, पत्रांचा कप्पा उघडायला गेला. कप्पा उघडला नाही. फाइल खराब झाली आहे, वाचता येत नाही, असं पडद्यावर आलं. त्याने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. त्याच्या दुसऱ्या हातात कागदावर लिहून काढलेलं पत्र होतं. चौदा ओळी. त्या लिहायला त्याला पाच महिने लागले होते. कोरलला जाऊनही तेवढेच झाले होते.

पत्र इंगासाठी होतं. इंगा म्हणजे स्कॉटलंडच्या वर, समुद्रातल्या कुठल्याशा बेटावर राहणारी बाई. कोंबड्या पाळणाऱ्यांच्या एका इंटरनेटवरच्या गटात नऊ वर्षांपूर्वी तिची आणि कोरलची ओळख झाली. तेव्हापासून कोरल तिला दर रविवारी लिहायची आणि एक-दोन दिवसांत तिचं उत्तर यायचं. दोघी कधी भेटल्या नाहीत. संधिवातामुळे कोरलच्या बोटांत पेन ठरत नसे, म्हणून कागदावर काहीच नव्हतं. जे काही होतं ते त्या यंत्रात. जेवताना ती सांगायची, "इंगाकडे आज बोटच आली नाही म्हणे, एवढा वारा." लिंडसे "हं" म्हणायचा आणि पुढचा बटाटा कापायचा.

इंगाचं आडनाव कोरलने कधीतरी सांगितलं असणार. बेटाचं नावही.

त्याने संगणकाचा डबा उचलून गाडीत शेजारच्या सीटवर ठेवला, पट्टा लावला आणि रोंडा वेलाकडे गेला. रोंडाच्या नवऱ्याचं शेतीच्या पंपांचं दुकान होतं. पुढे पंप आणि पाइप, मागच्या खोलीत रोंडा लोकांचे संगणक दुरुस्त करायची. उसाचा हंगाम चालू होता. कारखान्याचा गोडसर, आंबूस वास तिच्या दुकानापर्यंत येत होता.

"काय बॉयलर, बायकोला फिरायला न्यावं तसं पट्टा बांधून आणलंस की याला!" रोंडा म्हणाली आणि लगेच जीभ चावली. "माफ कर. माझं तोंड म्हणजे..."

"असू दे," लिंडसे म्हणाला. "तीसुद्धा हेच म्हणाली असती."

रोंडाने तारा जोडल्या. जुनं यंत्र घरघरलं, बराच वेळ काहीच झालं नाही, मग पडदाभर लाल चौकट आली. *धोका! ३१७ चुका सापडल्या. ताबडतोब दुरुस्त करा.* लिंडसेचा हात आपोआप माउसकडे गेला.

"हात काढ!" रोंडा ओरडली. "तू हे दाबतोस?"

"मग? लाल आलं तर दाबायला नको?"

"किती वेळा दाबलंस?"

"रोज. सकाळी सुरू केलं की येतं, दाबलं की जातं. तीन आठवडे झाले. पत्र लिहायचं म्हणून रोज उघडतोय ना, कप्प्यापर्यंत मात्र जात नव्हतो."

रोंडा खुर्चीत मागे टेकली.

अडतीस वर्षं लिंडसेने कारखान्याच्या बॉयलरवर काढली होती, म्हणून लोक त्याला बॉयलरच म्हणायचे. एकदा शेजारच्या बॉयलरचा लाल दिवा लागला, तेव्हा तिथला नवा माणूस दिव्यालाच टिचक्या मारत बसला होता, दिवाच बिघडला असेल म्हणून. पाणी तळाला गेलेलं. लिंडसेने धावत जाऊन आग बंद केली. नाहीतर त्या पाळीची बारा माणसं घरी गेली नसती. तेव्हापासून तो प्रत्येक नव्या माणसाला एकच सांगायचा, दिव्याशी वाद घालायचा नाही.

"हा दुरुस्ती करणारा नाही रे," रोंडा शेवटी म्हणाली. "हाच चोर. कुठल्यातरी पत्त्यांच्या खेळाबरोबर घरात शिरला, तुम्ही काय करता ते बघत बसला आणि वर तुम्हालाच घाबरवतोय. तू दुरुस्ती दाबलीस की हा चांगल्या फाइली उडवतो आणि त्या जागेवर आपला कचरा लिहितो. एकदा दाबलं असतंस तर सगळं परत काढलं असतं मी. वीस वेळा म्हणजे..."

"म्हणजे मीच पुसलं."

"तुला कुणी सांगितलं नव्हतं ना."

"कोरलने सांगितलं होतं. ती कोपऱ्यातली फुली दाबायची. म्हणायची, बोंबलू दे त्याला."

रोंडाने स्क्रू ड्रायव्हर उचलला आणि डब्याचं झाकण उघडायला घेतलं. "शुक्रवारी ये," ती म्हणाली. "आणि येताना तोंड जरा बरं करून ये. गिऱ्हाइकं घाबरतात."

शुक्रवारी तो दुकान उघडायच्या आधीच दारात उभा होता. रोंडाने त्याच्यासमोर अकरा कागद ठेवले.

"नऊ वर्षांतलं एवढंच निघालं. तुकडे आहेत. पत्रांची डोकी उडालीत सगळी. कुणाकडून, कुठून, काही नाही. पत्त्यांची वहीसुद्धा गेली."

लिंडसेने चष्मा लावला. अर्ध्या ओळी, मध्ये चौकोन आणि प्रश्नचिन्हं, मग पुन्हा अर्ध्या ओळी. *...मेंढ्या आत घेतल्या, पण तांबडी कोंबडी काही सापडेना...* *...तुझ्या लिंडसेने कोंबड्यांच्या खुराड्याला कारखान्यातली शिट्टी बसवली, हे वाचून माझा चहा सांडला. त्याला सांग, मला असा...*

"हिला मी माहीत आहे," तो म्हणाला.

"तुझ्याबद्दल बरंच आहे त्यात," रोंडा म्हणाली. "चौथ्या कागदावर तुझ्या घोरण्याचंही आहे. मी वाचलं नाही असं समज."

शेवटच्या कागदावर तीनच ओळी होत्या. *...तीन रविवार झाले, तुझं काहीच नाही. तपासणीचं काय झालं? माझं काही चुकलं असेल तर तसं...*

लिंडसेला ते पत्र आठवलं. अंत्यविधीनंतरच्या आठवड्यात त्याने एकदा यंत्र सुरू केलं होतं. इंगाचं नाव ठळक काळ्या अक्षरांत आलं होतं, न वाचलेल्या पत्राचं येतं तसं. त्याने भिंतीवरचं बटणच बंद केलं. पुढच्या महिन्यात त्याने कोरलच्या नावावरचं सगळं एकेक करून बंद केलं. ग्रंथालयाचं कार्ड, मासिक, इंटरनेट. हंगाम संपल्यावर झडपा बंद कराव्यात, तसं.

"तो पत्ता परत सुरू होईल?" त्याने विचारलं.

"इंटरनेटवाल्यांना काल फोन करून झाला. कंपनी विकली गेली. जुने पत्ते गेले."

"मग इंगाने आता लिहिलं तर?"

"तिचं तिलाच परत जातं. असा पत्ता नाही, म्हणून."

"तिला वाटेल, कोरलने दार लावून घेतलं."

रोंडाने नकाशा काढला. स्कॉटलंडच्या वर बेटांचे दोन पुंजके होते, आणि पश्चिमेला आणखी. लिंडसे बराच वेळ बोट फिरवत राहिला.

"यातलं कुठलं, लिंडसे? आठव की. काहीतरी म्हणाली असेल ना ती."

"वारा असतो, एवढंच."

"तिथे सगळीकडेच वारा असतो रे बाबा."

तिने कोंबड्यांचा तो गट शोधला. तो बंद पडून चार वर्षं झाली होती. त्या बेटांवरच्या दोन वर्तमानपत्रांना तिने लिहिलं. एकाचं उत्तर आलं. इंगा नावाच्या बायका आमच्याकडे पुष्कळ आहेत, आडनाव कळवा.

संगणक आता चांगला चालतो. मिनिटभरात सुरू होतो, लाल काही येत नाही. रविवारी लिंडसेने दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत, चौदा ओळी त्यात उतरवल्या. सकाळ गेली त्यात. मग खाली त्याने आणखी एक ओळ लिहिली, तुझं काही चुकलं नव्हतं. नाव लिहिलं. वर पाठवायच्या पत्त्याची जागा रिकामी होती. ती तशीच ठेवून त्याने पत्र जपून ठेवलं, आणि रोंडाने शिकवलं होतं तशी त्याची एक प्रत वेगळीही काढली.

इंगाला कळवायचं अजून राहिलं आहे.