नाव न घेता मारलेली हाक

"सहा झाले. सातवं सांगा बाबा," रिता म्हणाली आणि मांडीवरच्या लॅपटॉपवरून तिने बापाकडे पाहिलं.

जागेश्वर छपरीत खाटेवर पाय वर घेऊन बसला होता. शेजारी ठेवलेल्या चहावर जाड साय धरली होती.

"सहा बस नाही का वो?"

"दहा इच्छा पाहिजेत. कंपनीनं सांगितलं, ज्याचा कान चांगला हाय अशा माणसाले विचारून या, पुढचा हेडफोन कसा पाहिजे ते. बाकीचे सगळे मोठमोठ्या गायकांना विचारून राहिले. मी म्हटलं, माह्या घरीच हाय कान."

ही काही लेकीने मारलेली बढाई नव्हती. एकोडीपासून साकोलीपर्यंत लग्न असो, नाटक असो, दिवाळीनंतरची मंडईची जत्रा असो, तीस वर्षं माईक जागेश्वरचाच. मंडपाच्या पार मागच्या टोकाला उभा राहून तो म्हणायचा, "डाव्या भोंग्याचा तार ढिला झाला," आणि जाऊन पाहावं तर झालेलाच असायचा. माईकने शिट्टी मारायच्या आत त्याचा हात बटणावर गेलेला असे. जागेश्वरच्या शेजारी नवरा-बायकोने भांडू नये, तो चौथ्या घरातलं ऐकतो, अशी गावात थट्टा चाले.

तो माईक-भोंग्यांचा सगळा सेट या दिवाळीत त्याने बाबुलालच्या दारात नेऊन ठेवला होता. बाबुलाल त्याच्या हाताखाली शिकलेला. "काहून जी?" असं त्याने दहादा विचारलं, तर "खांदा दुखते," एवढंच सांगून जागेश्वर परत आला. खांदा दुखत नव्हता. खरं तर त्याचं काहीच दुखत नव्हतं. दात उपटायच्या आधी डॉक्टर सुई देतो आणि गाल आपला आहे की शेजाऱ्याचा ते कळत नाही, तसं त्याचं सात महिने चाललं होतं. जेवायची वेळ झाली की तो जेवायचा, कोणी हसलं की थोडा हसायचा. त्याची बायको धुरपता गेली त्या दिवसापासून हे असंच होतं.

"वाचून दाखवतो, म्हणजे पुढचं सुचन," रिता म्हणाली. पुण्याला सहा वर्षं काढूनही गावात पाय ठेवला की तिची जीभ इकडची होई, 'दाखवते'चं 'दाखवतो' होई. "एक, मे महिन्यात कान शिजले नाही पाहिजे. दोन, स्क्रू बाहेरून दिसला पाहिजे आन् घरच्या पेचकसानं उघडला पाहिजे. तीन, डावा-उजवा बोटाले समजला पाहिजे, त्याच्यासाठी चष्मा शोधाचं काम नाही. चार, रेकॉर्डिंग खराब असंन तर खराबच आयकू यावं, उगाच साखर नको." इथे ती हसली. "हे आमच्या साहेबाले झोंबन. पाच, तबला जिथं बसला तिथूनच आला पाहिजे, डोक्याच्या मधातून नाही. सहा, पेटीवाल्यानं भाता दाबला का सुराच्या आधी एक श्वास येते, तो आयकू आला पाहिजे."

रेशनच्या दुकानात घरातल्या माणसांची नावं सांगावीत, तशा आवाजात जागेश्वरने हे सगळं सांगितलं होतं. फक्त सहावं सांगताना तो मध्येच थांबला होता. रिताला वाटलं, आठवत असेल.

आठवतच होतं. तो श्वास त्याने ऐकला होता, एकाच दुपारी, याच खाटेवर बसून.

फेब्रुवारीत रिताने त्याला हेडफोन आणून दिला होता, तिच्याच कंपनीचा, बाहेरचा आवाज पार बंद करणारा. "आयुष्यभर लोकायले आयकवलं, आता तुमी आयका," असं म्हणाली होती. चैत्रातल्या एका दुपारी जेवण झालं. धुरपता मागच्या सांदवाडीत, घरामागच्या मोकळ्या जागेत, पेरूखालच्या चटईवर वाळत घातलेली मोहफुलं हलवायला गेली. आणि हा पठ्ठ्या वीस वर्षांपूर्वी स्वतःच उतरवून घेतलेलं एका नाटकाचं पद कानावर लावून बसला. पद सुरू व्हायच्या आधी पेटीच्या भात्यात हवा भरल्याचा आवाज आला. वीस वर्षांत त्या रेकॉर्डिंगमध्ये तो त्याला कधी ऐकू आला नव्हता. त्याने मागे नेऊन पुन्हा ऐकलं. पुन्हा मागे नेलं. पाऊण तास तो फार सुखात होता.

कानावरचा हेडफोन काढला तेव्हा घर गप्प होतं. धुरपता चटईवर आडवी पडली होती आणि तिच्या मुठीत मोहफुलं होती.

तेराव्याला शेजारच्या परसरामची बायको सत्यभामाबाई रडत रडत सगळ्यांसमोर म्हणाली, "दोनदा 'ओ जी' म्हणली जी ते. मी आयकलो कुंपणातून. मंग गप झाली. मले वाटलं तुमी तिच्यापाशी गेले असान." सगळ्यांनी जागेश्वरकडे पाहिलं. रितानेही पाहिलं. तो म्हणाला, "डोळा लागला होता माहा."

दुपारी कुणाचाही डोळा लागतो. लोकांनी माना हलवल्या, आणि ते खोटं तिथेच पक्कं झालं. तेव्हापासून रिता दर रविवारी फोन करायची आणि फोन ठेवताना त्याला वाटायचं, आता सांगावं. मग वाटायचं, कायले? सांगितलं तर पोरगी उभी जळेल, नाही सांगितलं तर आपण आहोतच असे. यापुढे त्याचा विचार जात नव्हता. तो हेडफोन त्याने तांदळाच्या कोठीत तळाशी घालून ठेवला होता.

"सुचत नाही ना? थांबा, तुमाले एक गंमत दाखवतो," रिता म्हणाली. तिने बॅगेतून एक काळा डबा काढला आणि त्यातून नवा हेडफोन. "हा बाजारात आला नाही अजून. पुढच्या साली येईन. आमच्या टीमनं केला. आवाज बंद करणाऱ्या हेडफोनात माणूस अगदी एकटा पडते, ना कोणाचं आयकू येते, ना काही. म्हणून यात काय केलं माहीत हाय? तुमचं नाव कोणी घेतलं का गाणं आपोआप हळू होते आन् ती हाक आयकू येते. दोन वर्षं लागली आमाले याच्यात."

तिने फोनवर त्याचं नाव भरलं आणि हेडफोन त्याच्या डोक्यावर चढवला. तो नको म्हणाला नाही. गाद्या कानावर बसल्या आणि शेजारच्या परसरामच्या खळ्यातलं मळणीयंत्र, कोंबड्या, डोक्यावरचा पंखा, सगळं एकदम गेलं. एक बासरी सुरू झाली. रिता मागच्या दाराने सांदवाडीत पळाली. तिकडे तो सात महिन्यांत फिरकला नव्हता.

बासरी एकाएकी खाली गेली. त्या शांततेत स्वच्छ, अगदी कानाशी यावी तशी हाक आली, "जागेश्वर!"

तो दचकला. रिता जीभ चावत, हसत परत आली. "बापाचं नाव घेतलं मी. पाप लागते का?"

"नाही लागत." त्याने हेडफोन काढून दोन्ही हातांत धरला. "चांगलं केलं. मोठं काम हाय हे."

लेक खुशीत खाली बसली. त्याने विचारलं, "तुह्या मायनं हाक मारली असती, तर थांबलं असतं का हे?"

"हो मंग, का नाही? आई जर—" रिता बोलता बोलता थांबली.

चौतीस वर्षांच्या संसारात धुरपताने नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. लग्नात बायकांनी फारच धरलं तेव्हा एकदा उखाण्यात घेतलं म्हणे, पण तेही बँडच्या आवाजात. गावाला ऐकवणाऱ्या जागेश्वरला स्वतःचं नाव तेवढं ऐकू आलं नाही. रेशन कार्डाच्या खिडकीवर कारकून "नवऱ्याचं नाव?" म्हणून खेकसला की ती सात वर्षांच्या रिताला कोपराने ढोसायची, "सांग वो, तुह्या बापाचं नाव सांग." आणि रिता टाचा उंचावून खिडकीतून ओरडायची. तीच सवय तिला लागली होती. बापाचं नाव घरात मोठ्याने घ्यायचं काम पहिल्यापासून तिचंच होतं.

रिताने फोन उचलला. जागेश्वर हे नाव खोडलं आणि त्या जागी 'ओ जी' लिहिलं. पडद्यावर अक्षरं आली, 'कृपया नाव भरा.' तिने दोन्ही अक्षरं जोडून लिहून पाहिलं. पुन्हा तेच आलं.

"ते नाव नोहेच बाई," जागेश्वर शांतपणे म्हणाला. "गल्लीतल्या साऱ्या बाया तेच म्हणते. ज्याची त्याले समजते."

रिताने फोन पालथा ठेवला. बराच वेळ ती सारवलेल्या जमिनीवर बोटाने रेघा ओढत राहिली. मग मान वर न करता तिने विचारलं, "बाबा, त्या दिवशी तुमी झोपले होते ना?"

चहावरची साय एका बाजूला सरकली होती. जागेश्वर तिच्याकडे पाहत होता. हो म्हणणं फार सोपं होतं. सात महिने ते अंगवळणी पडलं होतं.

"नाही," तो म्हणाला. "कानावर होता. तू देला तो. पेटीचा श्वास आयकत होतो."

रिताचा हात तोंडावर गेला आणि तिथेच राहिला.

"मले आयकूच नाही आलं, रिता. चौथ्या घरातलं आयकणारा मी."

"मले काहून नाही सांगितलं?" तिचा आवाज फुटला. "सात महिने?"

"तू तेच बनवतं म्हणून. तुले रोज सकाळी उठून त्याच कामाले जा लागते. कशी गेली असती?"

मग मात्र ती ढसाढसा रडली. "मी देला तो. मीच म्हटलं, बाहेरचं काही आयकू नाही येत म्हणून. मीच."

"तू देला, घातला मी." त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. आपल्यालाही रडू यावं असं त्याला फार वाटलं. हाताखाली लेकीचं डोकं हलत होतं, ते त्याला कळत होतं. पण आत काही हललं नाही. "डॉक्टर म्हणे, तवाच नेलं असतं तरी वाचली असती असं सांगता येत नाही. तेवढं मी समजून घेतलं. पण हाक तं आयकू आली असती. दोनदा हाक मारली आन् कोणी आलं नाही, असं तं नसतं झालं तिले."

मळणीयंत्र थांबलं. परसरामचे मजूर चहाला बसले असावेत. रिताने ओढणीने तोंड पुसलं आणि ती भिंतीला टेकून बसली. काही वेळाने जागेश्वर म्हणाला, "लिही सातवं."

"राहू द्या आता."

"लिही. तुमच्या साहेबाले समजंन असं लिही. नाव न घेता मारलेली हाक आयकू आली पाहिजे."

तिने लॅपटॉप जवळ ओढला. लिहिताना तिची बोटं दोनदा चुकली. लिहून झाल्यावर ती पडद्याकडे बघत म्हणाली, "हे होत नाही, बाबा. कोणाची हाक आन् कोणासाठी, ते मशीनले कसं समजन?"

"मले तरी कुठं समजली?" जागेश्वर म्हणाला. "पण तू इच्छा विचारून राहिली ना? मंग लिही."

तेवढ्यात कुंपणापलीकडून, घाईने, थोड्या चढ्या सुरात हाक आली. "ओ जी! आयकता का?"

जागेश्वरचे पाय खाटेवरून खाली आले. "आलो," तो मोठ्याने म्हणाला.

त्याच वेळी पलीकडे खळ्यातून परसरामही ओरडला, "आलो वो, आलो." सत्यभामाबाई त्याला धानाची पोती सावलीत घ्यायला सांगत होती.

रिताने मान वर करून पाहिलं. जागेश्वर एक चप्पल पायात घालून उभा होता. दुसरी खाटेखाली गेली होती. क्षणभर तो तसाच उभा राहिला. रिताला वाटलं, आता बसेल.

तो बसला नाही. वाकून त्याने दुसरी चप्पल पायाने बाहेर ओढली, घातली आणि मागच्या दाराने पेरूच्या झाडाकडे गेला. कुणी बोलावल्यावर माणूस जातो, तसा गेला.