उजवं कवाड

आमच्या अष्टमी गावातल्या घराला दोन कवाडांचं सागवानी दार हाय. लग्न होऊन आले तेव्हा सासूनं गावची रीत सांगितली. पावसाळ्याआधी उंडीच्या बियांचं तेल राळ घालून तापवायचं नि गरम असतानाच लाकडाला चोळायचं. उजवं कवाड नवऱ्यानं, डावं बायकोनं. तसं दोघांनी मिळून आम्ही एकदाच केलं. यांच्या दाढीला राळ चिकटली म्हणून हसून हसून माझी पुरेवाट झाली होती. मग हे मस्कतला गेले. सुट्टी मिळायची ती नेमकी हिवाळ्यात, त्यामुळं दोन्ही कवाडं माझ्याच गळ्यात.

यंदा फोनवर म्हणाले, "खतीजा, मे महिन्यात येतो. कायमचा." पोरगी अनीसा सासरी, घरात बोलायचं ते भिंतींशी. ऐकून मला काय करू नि काय नको असं झालं. माझं कवाड मी तेल चोळून घेतलं, त्यांचं मुद्दाम ठेवलं. आले की दोघं मिळून करू. म्हातारपणी का होईना!

आले ते दारातच नाकाला रुमाल लावून. "कसला घाण वास हा गो? अजून तेच तेल?"

मी भांडं पुढं केलं तर म्हणाले, "वेडी हायस काय? पॉलिशवाला बोलावतो, एका दिवसाचं काम." उजवं कवाड घासूनपुसून चकाचक करून घेतलं. माणूस घरी आलाय ना, मरू दे ते तेल, म्हटलं.

आठवड्यानं कंपनीचा फोन आला. आणखी दोन वर्षं बोलावलं होतं. "नाय म्हणवत नाय गो," म्हणाले नि बॅग भरली. मी डबा बांधून दिला.

पावसात पॉलिशला फोड आले, पापुद्रे सुटले. तेल प्यालेल्या लाकडावर ते धरणार कसं? घासलेल्या जागी पाणी शिरलं नि कवाड असं फुगलं की दार लागेना. आतून दाराला पाटा टेकवून निजायची मी. झोप कसली येतेय!

पाऊस उघडल्यावर कमळाकर सुताराला बोलावलं. दार बघून म्हणाला, "भाभी, फुगलंय नूरभाईंच्या बाजूचं. पण त्यांनी नुकतंच पॉलिश केलंय, उरलंय तेही जाईल. तुमच्या बाजूचं थोडं तासू काय? दार बसेल."

माझं डोकंच फिरलं. "माझं? इतकी वर्षं माझंच तासलंय सगळ्यांनी! त्यांचं तास. लागेल तेवढं तास."

रंधा फिरला. पॉलिश निघालं नि आतून उंडीचा वास सुटला, अंगणभर. कमळाकर खूश झाला. "लाकूड आतून ठणठणीत हाय हो. नूरभाईंनी चांगलं जपलंय."

"त्यांनी?" मी म्हटलं. परक्या माणसासमोर ढसाढसा रडले. तो बिचारा खाली मान घालून तासत राहिला.

तो गेल्यावर मी आत येऊन दोन्ही कवाडं ओढली. दार घट्ट बसलं, कुठं फट म्हणून नाय. कडी घातली नि तिथंच उभी राहिले. आता आत यायचं कुणी बाकीच नव्हतं.