कटरची तिसरी खेप

मिस्त्रींनी कटर मशीनच्या मुठीचे चारही स्क्रू काढले, झाकण उचललं आणि कपाळावरचा चष्मा नाकावर आणला. लाकूड कापायचं हे मशीन दीड महिन्यात तिसऱ्यांदा त्यांच्या टेबलावर आलं होतं. त्याचे मालक सुतारदादा समोर स्टुलावर बसले होते, दोन्ही हात मांडीखाली घेऊन.

पहिल्या खेपेला स्विचमधली वायर निसटलेली निघाली. दुसऱ्या खेपेला कार्बन ब्रशची स्प्रिंगच गायब. आता स्प्रिंग काय पायांनी चालत जाते? दोन्ही वेळा मिस्त्रींनी दहा मिनिटांत मशीन सुरू करून दिलं आणि वर "आता वर्षभर बघायला नको" अशी फुशारकीही मारली. तीस वर्षं लोकांची मशीनं उघडून त्यांची कंबर कामातून गेली होती, डोळे जायच्या बेतात होते, पण ही फुशारकी काही जात नव्हती.

आज त्यांनी मीटर लावला. बाहेरची केबल ठीक. मोटरचं आर्मेचर ठीक. मुठीच्या आत कोपऱ्यात मात्र वायरचे दोन तुकडे, आणि दोन्ही टोकांना टेप. त्यांनी टेप सोडवली. झिजून तुटलेल्या वायरच्या तारा पिंजारलेल्या असतात. ही पकडीने एका दमात छाटलेली होती.

"कुणीतरी मुद्दाम करतंय हे. कारखान्यात कुणाचं वाकडं आहे का तुमच्याशी?"

"छे, कुणाचं असणार? आम्ही दोघे भाऊच तर आहोत."

मिस्त्री बोटाला चिकटलेली टेप बघत राहिले. कुणाला चुकून शॉक बसू नये म्हणून किती निगुतीने गुंडाळली होती! खोडी काढणारा कशाला एवढी काळजी घेईल? त्यांनी वायर जोडली, झाकण बसवलं. ज्याचं मशीन त्यानेच चालवून बघायचं, मगच न्यायचं, असा त्यांच्या दुकानाचा रिवाज होता.

"घ्या, चालवा."

सुतारदादांनी नाइलाजाने हात बाहेर काढला आणि स्विच दाबला. पातं गरगरलं. त्यांनी लगेच स्विच सोडला. पातं थांबलं, पण मनगटापासून थरथरणारा हात थांबेना.

"कधीपासून?"

"वर्ष होत आलं." सुतारदादांनी हात परत मांडीखाली घातला. "परवा पातं अंगठ्याला चाटून गेलं. भीती वाटते हो आता. पण धाकट्याला कुठल्या तोंडाने सांगू? याच हातांनी वाढवलाय त्याला. 'कटिंग आमचा दादा करतो' असं सांगून ऑर्डरी घेतो तो. मशीन बंद असलं की चार दिवस तरी सुटका. आणि तुम्ही! दहा मिनिटांत चालू करून हातात देता."

मिस्त्रींना स्वतःचीच लाज वाटली. चांगल्या मशीनला त्यांनी आजवर कधी मेलेलं म्हटलं नव्हतं. त्यांनी फोन घेतला आणि सुतारदादांकडून धाकट्याचा नंबर मागून लावला.

"मशीन गेलं हो तुमचं. आर्मेचर जळलंय. आता त्यात काही राम नाही."

"एवढंच ना!" धाकट्याचा आवाज टेबलापलीकडेही ऐकू येत होता. "दादाला म्हणावं, मनाला लावून घेऊ नकोस. आजच नवीन आणतो, याच्यापेक्षा दणकट. कटिंगला दादाशिवाय आहे कोण आम्हाला?"

सुतारदादांनी मान खाली घातली.

"राहू द्या," ते पुटपुटले. "ठेवा फोन."

मिस्त्री ठेवणारच होते. दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायचं त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं. पण समोरची ती खाली गेलेली मान त्यांना बघवेना.

"ऐका, खोटं बोललो मी. मशीन ठणठणीत आहे. हात थरथरतोय तुमच्या दादाचा, वर्षभर. तुम्हाला सांगता येत नाही त्यांना."

सुतारदादा उठले नाहीत, फोन हिसकावलाही नाही. मिस्त्रींनी तो पुढे केला, तेव्हा त्यांनी तो दोन्ही हातांनी धरून कानाला लावला.

"दादा," धाकटा म्हणाला, "तू तिथंच बस. कशाला हात लावू नकोस. मी येतोय तुला न्यायला."

"बरं," सुतारदादा म्हणाले. पलीकडून फोन बंद झाला, तरी त्यांनी तो कानापासून काढला नाही.