फळ्यावरचं अनसाबाईचं नाव

मित्रांनो, मी एक जुना लॅक्टोमीटर आहे. डेअरीच्या फळीवर, पत्र्याच्या डब्यात पडून मला बरीच वर्षं झाली, पण माझा राग काही गेलेला नाही.

पोटात शिशाचे छर्रे, वर काचेची बारीक नळी आणि नळीत आकड्यांची पट्टी, असा माझा देह. दूध घट्ट असेल तर मी वर तरंगतो, पातळ असेल तर खाली जातो. एवढंच मला येतं. १९९४ साली यवतजवळच्या एका गावातल्या डेअरीत मी आलो. दूध घेणाऱ्या जालिंदरने माझ्यासोबतची चिठ्ठी न वाचताच घडी करून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवली. तिच्यावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, 'दूध निवल्यावरच मोजावे.' सगळी कटकट तिथूनच सुरू झाली.

सुरुवातीला माझं कौतुक फार. आकडा अठ्ठावीसच्या खाली गेला की दुधात पाणी, आणि पाणी घालणाऱ्याचं नाव दारातल्या फळ्यावर, असा नियम झाला. मीही फुशारलो होतो, खोटं कशाला सांगू?

डेअरीसमोरच अनसाबाईचं घर. सासऱ्यांची मेंढरं विकून तिने एक जर्सी गाय घेतली होती. धार काढली की फेसाळ, ऊन दूध घेऊन ती पहिली हजर. सगळ्यांत ताजं दूध तिचंच, आणि ऊन दुधात मी खाली जातो. आकडा पंचवीस! मळ्यातून सायकलवर येणाऱ्या रोहिदासचं दूध मात्र वाटेत निवायचं आणि पास व्हायचं.

तिसऱ्या दिवशी अनसाबाईचं नाव फळ्यावर लागलं आणि तिचं दूध बंद झालं.

"आवं, थेंबभर पानी न्हाई घातलं," ती सांगत होती.

"मीटर खोटं बोलत न्हाई, वहिनी," जालिंदर म्हणाला.

मी ओरडलो असतो, पण काचेला तोंड कुठलं? बायका तिच्याशी बोलेनाशा झाल्या. शाळेत तिच्या धनश्रीला पोरं 'पानीवाली' म्हणून चिडवू लागली.

आठव्या दिवशी अनसाबाई गाय घेऊनच डेअरीच्या दारात आली. सगळ्यांदेखत तिने धार काढली. जालिंदरने मला दुधात सोडलं. पंचवीसच!

"आता गाईनंच पानी घातलं म्हणायचं!" रोहिदास हसला.

जन्मभर मेंढरं राखलेले म्हातारे गेणबा आबा पुढे झाले. "अरं, दूध ऊन हाय. निवू तर द्या, मंग बघा."

चरवी हौदाच्या पाण्यात ठेवली. तासाभराने मी बरोबर अठ्ठावीसवर तरंगलो.

जालिंदरने ओल्या फडक्याने नाव पुसलं आणि म्हणाला, "मीटरच खराब हाय."

"मला चोर म्हणला तवा मीटर खरं हुतं," अनसाबाई म्हणाली. "आन् तुमची चूक निघाली तवा खोटं झालं व्हय, भावजी?"

मी डब्यात गेलो, नवा मीटर आला.

मित्रांनो, मी दूध मोजतो, माणूस मोजत नाही. आकड्याकडे बोट दाखवून कुणाला चोर ठरवण्याआधी ती चिठ्ठी तरी वाचत जा. आणि आपलं चुकलं तर तसं तोंडाने म्हणा. नुसतं नाव पुसून भागत नाही.

त्यानंतर अनसाबाई रोज सकाळी चरवी हौदात ठेवून जालिंदरसमोर तासभर बसायची. 'माझं चुकलं' म्हणायला तेवढा वेळ पुष्कळ होता. तो एकदाही म्हणाला नाही.