पाचव्या नंबरची सिगार

परीक्षकांच्या बायकोला सिगारचा धूर अजिबात खपत नसे. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिने नवऱ्याला धुरासकट बाल्कनीत बसवलं होतं, ते आजतागायत तिथेच बसत होते. शहरातले झाडून सारे दुकानदार सिगार निवडताना ज्या जिभेवर डोळे मिटून विश्वास ठेवत, त्या जिभेला घरात भाजीत मीठ कमी आहे एवढं म्हणायचीही सोय नव्हती. गृहस्थ भाजीबद्दल खोटं बोलत, नव्या पडद्यांबद्दल खोटं बोलत, सासूबाईंच्या तब्येतीची चौकशी करतानाही थोडं खोटं बोलत. सिगारबद्दल मात्र कधीच नाही. कुठेतरी माणसाने खरं बोलायला हवंच ना.

म्हणूनच त्या दिवशी सकाळी बायको आपण होऊन बाल्कनीत आली, तेव्हा ते सावध झाले.

"अहो, आज त्या बारीक सिगारींची परीक्षा आहे ना?"

"आहे."

"छोटूची पण आहे त्यात."

"असेल. नावाच्या पट्ट्या काढलेल्या असतात. कुणाची कुठली ते आम्हाला कळत नाही."

"तुम्हाला कळत नाही? मग इतकी वर्षं माझी बाल्कनी काळी केलीत ती कशासाठी?"

छोटू म्हणजे तिचा धाकटा भाऊ. चाळिशी उलटली, टक्कल पडलं, तरी घरात तो छोटूच. चांगली बसून खायची नोकरी सोडून त्याने सिगारचा लहानसा कारखाना काढला होता. करंगळीपेक्षा बारीक आणि भारी किमतीची सिगार, एवढा एकच माल. शहरातलं सगळ्यात मोठं दुकान अशी एकच सिगार ठेवणार होतं, परीक्षक मंडळ निवडेल ती. छोटूची निवडली गेली तर कारखाना तरणार, नाही तर कुलूप. हे त्याने ताईला स्वतःच सांगितलं होतं, हसत हसत, आणि ताई रात्रभर जागी होती.

"एकदाच, अहो. माझ्यासाठी. त्याची वाटेल तिला वर काढा."

"आणि ती वाईट असली तर?"

"म्हणून तर सांगतेय ना," ती म्हणाली.

मंडळाची खोली म्हणजे एक लांब टेबल, पांढरी चादर, उघड्या खिडक्या, पाण्याचे पेले आणि कोरड्या पावाचे तुकडे. अत्तर लावून येणाऱ्याला दारातूनच परत पाठवत. सिगारींच्या मूळ पट्ट्या काढून नंबरांच्या साध्या पट्ट्या चढवलेल्या. ओढताना कुणी बोलायचं नाही. शेवटी सगळ्यात ज्येष्ठ परीक्षकाने, म्हणजे आपल्याच गृहस्थांनी, आपले गुण आधी वाचायचे आणि मग बाकीच्यांनी. मधल्या वेळात खोडरबर वापरू नये असा काही नियम नव्हता. सगळे जण खोडरबर बाळगून असत.

बारीक सिगार म्हणजे नाजूक प्रकरण. आत तंबाखू मावते थोडी, त्यामुळे बाहेरच्या पानाचीच चव पुढे येते. वळताना हात जरा घट्ट पडला की धूर अडतो, ओढताना जरा घाई झाली की ती तापून कडू होते. परीक्षक आधी न पेटवता नुसती ओढून बघत, मग पेटवून थांबत थांबत शेवटपर्यंत जात. सुरुवातीला सगळ्याच गोड बोलतात, खरा स्वभाव शेवटच्या तुकड्यात कळतो, असं ते म्हणत. माणसांबद्दलही त्यांचं हेच मत होतं.

पहिल्या दोन नंबरांच्या सिगारी बऱ्या होत्या. तिसरी मात्र पेटवण्याआधीच अडली. गाल आत जाईस्तोवर ओढावं तेव्हा कुठे चमचाभर धूर येई. ती एकाच अंगाने जळत गेली, राख त्यांच्या पँटवर पडली आणि तोंडात भिजक्या पुठ्ठ्याची चव राहिली. परीक्षकांना मेहुण्याचा चेहराच डोळ्यांसमोर आला. त्याने ठोकून दिलेली स्वयंपाकघरातली फळी तिरकी, त्याने दुरुस्त केलेला नळ आधीपेक्षा जास्त गळका. त्याच्या हातची सिगार सरळ कशी जळेल? 'सापडलास,' ते मनात म्हणाले. त्यांना जरा मायाच आली.

चौथी आली तशी गेली. पाचवी पेटवली आणि आपण कामावर आहोत हे ते विसरले. धूर बोलावल्यासारखा सहज आला. आधी भाजलेल्या बदामाची चव, मग सुक्या लाकडाची, मागून किंचित मिरी. शेवटच्या तुकड्यातही कडवटपणाचं नाव नाही, आणि पांढरी राख बोटाच्या पेराएवढी वाढली तरी पडायला तयार नाही. इतकी चांगली सिगार फार दिवसांत त्यांच्या हाती लागली नव्हती, आणि म्हणूनच तिला पाडणं भाग होतं. ती उभी राहिली असती तर तिसरीला कुणी विचारलं असतं?

त्यांनी तिसरीपुढे लिहिलं, 'धीट. ओढणाऱ्याकडून मेहनत मागते.' पाचवीपुढे लिहिलं, 'गुळगुळीत. स्वतःचं असं काही नाही.' हे लिहिताना त्यांना खरंच वाईट वाटलं. मग त्यांनी खणखणीत आवाजात गुण वाचले. टेबलाभोवती खोडरबर चालले. तिसरी ओढताना ज्यांना ठसका लागला होता, त्या सदस्यांनीही 'धीट' म्हणून त्यांचीच री ओढली.

तिसरी बहुमताने जिंकली. सचिवबाईंनी प्रत्येक थोटकापुढे त्याची मूळ पट्टी आणून ठेवली. तिसरी निघाली एका जुन्या, बड्या कंपनीची, जिचं कॅलेंडर त्याच खोलीत टांगलेलं होतं. पाचवी छोटूची. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोर ओढणारे सख्खे भाऊजी.

संध्याकाळी त्यांनी घरी सगळं सांगितलं. बायको मटकन खुर्चीत बसली.

"पण तिसरीच त्याची कशी वाटली तुम्हाला?"

"तू म्हणालीस वर काढा. चांगल्या सिगारला वर काढा म्हणून सांगावं लागतं का?"

तेवढ्यात घंटी वाजली. दारात छोटू, काखेत लाकडी पेटी आणि चेहऱ्यावर हसू.

"भाऊजी, आभार मानायला आलोय. तुम्हाला सांगून ठेवलंय असं ताई सकाळी फोनवर म्हणाली, तेव्हा मला लाजच वाटली. पण तुम्ही नातं बघितलं नाहीत. खोटं न बोलणाऱ्या माणसाने नाही म्हटलं की विषय संपला. उद्या कुलूप लावतो. या उरलेल्या, मित्रांत वाटून टाका."

"छोटू, पाचवी सगळ्यात चांगली होती."

"आता नातं बोलतंय," छोटू हसला.

"अरे, खरंच सांगतायत ते!"

"ताई, तू तर बोलूच नकोस."

परीक्षकांनी बायकोकडे पाहिलं. ती डोळ्यांनी नको नको म्हणत होती. पण दुसरा पुरावा नव्हताच.

"मला तिसरी तुझी वाटली. म्हणून तिला वर काढली आणि पाचवीला पाडली."

"तिसरी? ती कशी होती?"

"फार वाईट."

छोटूचं हसू गेलं. तो चिडला असता तर बरं झालं असतं. त्याला लागलं होतं, आणि ते सरळ दिसत होतं.

"म्हणजे फार वाईट, ती माझी," तो हळूच म्हणाला. "बरोबर आहे. ती फळी अजून तिरकीच आहे." मग तो बहिणीकडे वळला. "आणि तू सांगून ठेवलंस तेही त्याचसाठी ना, ताई? चांगली असेल असं तुलाही वाटलं नव्हतं."



छोटूने पेटी उघडली, एक सिगार भाऊजींसमोर ठेवली आणि पेटी पुन्हा काखेत मारली. "मग या फुकट वाटायच्या नाहीत," तो म्हणाला. दारात थांबून त्याने विचारलं, "मंडळात सांगाल हे?"

"सांगेन," परीक्षक म्हणाले. हे सिगारबद्दलचं खरं बोलणं होतं की घरातलं खोटं, ते छोटूला कळेना. तो जिना उतरून गेला.

परीक्षक सिगार घेऊन सवयीने बाल्कनीकडे निघाले. "बसा इथेच," बायको म्हणाली. त्यांनी इतक्या वर्षांत पहिल्यांदा दिवाणखान्यात सिगार पेटवली. थोड्या वेळाने तिने हात पुढे केला, एक झुरका घेतला, आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत खोकली.

"चांगली आहे?" तिने विचारलं.

"उत्तम."

"मला मेलीला त्यातलं काय कळतंय," ती म्हणाली. खोकला थांबला होता, तरी डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं.