मी, त्सुरुमाकींचा गळका हौद

मित्रांनो, मी एक जुना लाकडी हौद आहे. किती जुना, ते विचारू नका. ज्यांनी मला घडवलं त्यांच्या नातवांच्याही दाढ्या आता पिकल्या आहेत. दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढी माझी उंची, अंग देवदाराच्या फळ्यांचं आणि कमरेला बांबूचे वेढे. लोखंडाचा एक खिळा माझ्यात सापडणार नाही. माझ्या पोटात साके, म्हणजे तांदळाची जपानी दारू, तयार होते. तुमच्या वयाच्या मुलांनी ती नुसती हुंगायची असते, आणि मोठं झाल्यावरही बेतानंच घ्यायची असते. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे तुमच्या आया माझ्यावर खेकसणार नाहीत.

माझा जन्म जपानातल्या एचिगोच्या डोंगरातला, त्सुरुमाकी घराण्याच्या साके कारखान्यातला. हिवाळ्यात इथे बर्फ खिडक्यांपर्यंत चढतो. हौद बांधणारे कारागीर आले, त्यांनी अंगणात बसून फळ्या तासल्या, बांबू चिरून वेढे विणले आणि मला उभं केलं. पहिल्यांदा पाणी ओतलं, तर मी चारी अंगांनी गळलो. सगळं गाव बघायला जमलेलं, आणि माझी ही शोभा! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण म्हातारा कारागीर चिलीम ओढत निवांत बसला होता. "पिऊ द्या त्याला. तहानलाय," एवढंच तो म्हणाला. आणि खरंच, पोटभर पाणी पिऊन माझ्या फळ्या फुगल्या आणि एकमेकींना अशा भिडल्या की मुंगीला शिरायला वाट उरली नाही.

मग काय विचारता! थंडी पडली की भल्या पहाटे तांदूळ वाफेवर चढायचा. विरजण, वाफवलेला तांदूळ आणि विहिरीचं पाणी माझ्यात पडायचं. माझ्या काठावर फळी टाकून गडी उभे राहायचे आणि लांब दांड्याच्या वल्ह्यानं ढवळायचे, तेही गात गात. ते गाणं करमणुकीचं नव्हतं बरं का. गाणं जसं चालेल तसा हात चालायचा. ना घाई, ना आळस. गाणं संपलं की ढवळणंही संपलं. मालकांचा तरुण मुलगा तोकुजिरो गड्यांत मिसळून गायचा. त्याचा आवाज असा खणखणीत की माझ्या फळ्या थरथरायच्या.

पण चांगले दिवस कुणाच्या नावावर लिहून दिलेले नसतात. शहरातून आलेला कुणी साहेब म्हणाला, लाकडात जंतू राहतात. राहतात की! पिढ्यान्‌पिढ्या माझ्या फळ्यांत राहतात, आणि त्सुरुमाकींच्या साकेची चव त्यांच्याच जिवावर होती. पण आमचं कोण ऐकतो? पांढऱ्या शुभ्र पत्र्याच्या टाक्या आल्या. माझ्या भावंडांच्या फळ्या चुलीत गेल्या. मी जरा जास्तच जड, म्हणून मला आडवा करून कोठारामागे लोटून दिलं. तिथे ऊन खात, बर्फ अंगावर घेत मी वर्षानुवर्षं पडून राहिलो. सुकलो, आकसलो, वेढे ढिले झाले.

तिथे माझ्याकडे एकच माणूस यायचं. तोकुजिरोची मुलगी शिहो. लहानपणी तिनं माझ्या पोटात दुकान मांडलं, पानांचे मासे विकले. मोठी झाल्यावर ती कारखान्यात इवाकिचीच्या हाताखाली काम शिकू लागली. इवाकिची हा तिथला तोजी, म्हणजे साके करणाऱ्यांचा मुख्य. पण मनाला लागेलसं काही झालं की शिहो अजूनही माझ्यात येऊन बसायची. पुढची गोष्ट मला कळली ती अशी, तिच्याच तोंडून.

मित्रांनो, साकेच्या घरात थंडी लागली की नात्तो बंद. नात्तो म्हणजे आंबवलेलं चिकट सोयाबीन. त्याचा वास एक भारी, आणि त्यातले जंतू त्याहून भारी. ते विरजणात शिरले की संपलंच सगळं. म्हणून मालकापासून झाडूवाल्यापर्यंत कुणीही वसंत येईपर्यंत त्याला शिवत नाही. आणि त्सुरुमाकींच्या घरचा नियम तर फारच कडक. हंगामात ज्यानं नात्तो खाल्ला, त्यानं नवी साके गाळून होईपर्यंत कारखान्याचा उंबरा ओलांडायचा नाही.

त्या वर्षी तांदूळ धुवायला काढायचा, त्याच सकाळी तोकुजिरो न्याहारीला बसला आणि त्यानं नात्तोचा वाडगा पुढे ओढला. शिहोच्या हातातल्या जेवायच्या काड्या तशाच राहिल्या.

"बाबा, हे काय?"

"नात्तो. किती वर्षांनी हिवाळ्यात खातोय! झक्क लागतोय."

"पण आज तांदूळ..."

"तुम्ही धुवा. माझं झालं करून. वसंतात कारखाना बंद." तो शांतपणे चावत राहिला. "आपली साके आणि खालच्या गावची साके, डोळे मिटून ओळखून दाखव बरं. मला नाही ओळखता येत. मग कशाला करायची?"

शिहो काड्या ठेवून उठली. बाप खरं तेच बोलत होता. ती माझ्यात येऊन रडली, नाक पुसलं, आणि रडता रडता तिचा हात माझ्या फळीवर थांबला. तिनं फळी हुंगली. पुन्हा हुंगली. पत्र्याच्या टाक्यांना कधीच न येणारा गोडसर वास अजून त्यात मुरलेला होता. मग उठून थेट घरात गेली आणि म्हणाली, "बाबा, एक हिवाळा द्या. एकच हौद. हा मागे पडलाय तो."

तोकुजिरो हसला. "बरं. साके जमली तर कारखाना तुझा. नाही जमली तर त्या हौदाचं सरपण, आणि तू मुकाट्यानं दुसरं काम बघायचं."

म्हणजे बघा, तिचं नशीब आणि माझी हाडं एकाच दावणीला बांधली गेली.

मला घडवणाऱ्या म्हाताऱ्याचा नातू हिकोझो आला. त्यानं नवे वेढे ठोकले, मला लोळवत आत आणलं, उभं केलं, उकळत्या पाण्यानं घासलं आणि पाणी भरलं. आणि मी? मी गळलो! पहिल्या वेळी थेंब थेंब गळलो होतो, आता पिचकाऱ्या उडत होत्या. जमिनीवर तळं झालं. तोकुजिरो उंबऱ्याबाहेर उभा राहून बघत होता. आत यायची सोय त्यानंच स्वतःला ठेवली नव्हती.

"वा! हौद आणलात की चाळण?" तो म्हणाला. "आजपासून याचं नाव गळका."

इवाकिचीनं चिखलातून पाय काढत वर बघितलं. "मालक, गळका हौद परवडला. आपली साके बाटलीत बंद होती, तरी तिची चव कुठून गळून गेली ते कळलंच नाही."

तोकुजिरो घराकडे वळला. पण खरं सांगतो मित्रांनो, त्या वेळी माझाच माझ्यावर विश्वास नव्हता. इतकी वर्षं सुकल्यावर लाकडात जीव उरतो का? शिहो मात्र पाणी घालत राहिली. वरून ती घालायची, खालून मी सांडायचो. कामावरचे दोघे गडी एकमेकांकडे बघून हसायचे. ती म्हणायची, "हसा, पण बादली द्या." मग एका सकाळी ती आली आणि बघते तर खालची जमीन कोरडी. तिनं हात फिरवला, गुडघे टेकून बघितलं, मग माझ्या फळीला गाल लावून तशीच बसून राहिली. मी तेव्हा बोलू शकलो असतो तर काय म्हणालो असतो कोण जाणे.

माझ्यात तांदूळ पडला, विरजण पडलं. आता सगळं सुरळीत होणार, असं वाटलं आणि तिथेच घोडं पेंड खाऊ लागलं. इवाकिची छपरावरचा बर्फ ढकलायला चढला, तो बर्फाबरोबर स्वतःच खाली आला. पाय मोडला. त्याला खालच्या गावातल्या इस्पितळात नेलं आणि पाठोपाठ बर्फानं घाटरस्ता बुजला. जाताना तो स्ट्रेचरवरून ओरडला, "पोरी, गाण्यावर हात ठेव!"

गाणं तिला अर्धंच येत होतं. टाक्या आल्यापासून कुणी गातच नव्हतं. तिथे घड्याळ लावून ढवळायचं, काम झालं. इवाकिची तिला आता कुठे रोज एकेक कडवं शिकवत होता. ती पहाटे माझ्या काठावर चढायची आणि सुरू करायची:

"बर्फ पडतो, पडू दे गं,
तांदूळ निजला, निजू दे गं,
हळूच फिरव वल्हं बाई,
स्वप्नात त्याच्या..."

आणि थांबायची. पुढची ओळच माहीत नाही. मग धीर सुटून ती भराभरा ढवळायची, पत्र्याच्या टाकीत ढवळायची तशी. त्यानं माझ्या पोटातली ऊब उडून जायची. फेस वर यायचं नाव घेईना. माझ्यातला तांदूळ थंडगार, मुका पडून होता. ती माझ्या अंगाला कान लावायची आणि आत काहीच बुडबुडत नव्हतं. मला सगळं कळत होतं, पण हौदाला कुठे जीभ असते?

तोकुजिरो रोज सकाळी बाहेरचा बर्फ ओढायला यायचा. बर्फ घरासमोरचा असायचा, पण फावडं फिरायचं ते कारखान्याच्या दाराशी. आणि रोज त्याच्या कानावर ते गाणं पडायचं, रोज त्याच ओळीवर तुटायचं. ज्यानं कधी काळी ते गाणं छाती भरून म्हटलंय, त्याला विचारा हा त्रास काय असतो ते. घास तोंडाशी आणून कुणी काढून घ्यावा, तसं ते होतं. शेवटी एका पहाटे शिहो त्या ओळीवर अडली आणि बाहेरून, भिंतीपलीकडून, खणखणीत आवाज आला:

"...पाणी वाहू दे गं!"

शिहोचं वल्हं जागच्या जागी थांबलं.

"थांबू नको!" बाहेरून आवाज. "हात चालू ठेव. हळू. मी म्हणतो तसा."

"बाबा, आत या ना!"

"कसा येऊ? नात्तो खाऊन बसलोय, गाढवासारखा. ढवळ तू."

आणि तो गाऊ लागला. बाहेर बर्फ पडतोय, अंगावर गवताचं जुनं इरलं, तोंडातून वाफा निघताहेत आणि त्सुरुमाकींचा मालक भिंतीकडे तोंड करून गातोय. एकेक कडवं संथ, भरलेलं. शिहोचा हात त्या गाण्याच्या मागून चालायला लागला. माझ्या फळ्या थरथरल्या. हा आवाज मी ओळखत होतो हो! मी आडवा पडलो त्या दिवसापासून याच आवाजाची वाट बघत होतो.

दुसऱ्या दिवशी तोकुजिरो नात्तोला शिवला नाही. पण नियम म्हणजे नियम, आणि तो त्याच्याच बापानं घातलेला. म्हणून तो रोज बाहेरूनच गायला. गावातले लोक जाता-येता म्हणायचे, "मालकांना थंडी चढलीय डोक्यात. भिंतीला अंगाई म्हणताहेत." तो गाणं न थांबवता त्यांना फावड्यानं वाट दाखवायचा. आणि एका पहाटे माझ्या पोटात काहीतरी हललं. बुडुक. मग आणखी एक. दुपारपर्यंत फेस उसळून माझ्या काठापर्यंत आला, पिकलेल्या फळांसारखा वास सगळ्या कारखान्यात भरला. "बाबा, उठला!" शिहो आतून ओरडली. बाहेर फावडं पडल्याचा आवाज आला.

साके गाळायच्या दिवशी रस्ता मोकळा झाला होता. इवाकिची प्लास्टरमधला पाय पुढे करून घसरगाडीवर बसून आला. ओढणाऱ्या गड्यांवर राजासारखा हुकूम सोडत होता. शिहोनं पहिला पेला भरून उंबऱ्याशी आणला. इवाकिचीनं डोळे मिटले, घोट घेतला, तोंडात फिरवला. मी तर रिकाम्या पोटी कसा थांबलो होतो माझं मला माहीत. त्यानं डोळे न उघडताच पेला तोकुजिरोच्या हातात दिला.

तोकुजिरोनं घोट घेतला. मग दुसरा घेतला. "इवाकिची," तो म्हणाला, "डोळे मिटून सांगा, कुठली आहे?"

"वेड्यासारखं काय विचारता मालक? आपली आहे."

तोकुजिरोनं उंबऱ्याबाहेर जोडे काढले. साके गाळून झाली होती, नियम सुटला होता. तो आत आला, सरळ माझ्याकडे आला आणि दोन्ही हात माझ्या फळ्यांवर ठेवून उभा राहिला. "गळक्या," तो म्हणाला, आणि त्यानं कपाळ माझ्या फळीला टेकवलं. मित्रांनो, आयुष्यात मला खूप जणांनी वाखाणलं, पण असा मान मला कधीच मिळाला नव्हता. त्या दिवशी नव्या साकेची खूण म्हणून देवदाराच्या पानांचा हिरवा गोळा दाराशी टांगला, तो शिहोनं. नव्या मालकिणीचाच तो मान. गावानं माझी साके प्यायली, मुलांनी अमाझाके नावाचं तांदळाचं गोड, बिनदारूचं पेय प्यायलं, आणि तेच गाणं सगळ्यांनी मिळून म्हटलं. या वेळी ते कुठल्याच ओळीवर अडलं नाही.

पुढच्या थंडीला घरातला शेवटचा नात्तो तोकुजिरोनं स्वतः शेजाऱ्यांकडे पोचवला. शिहोनं हिकोझोला बोलावून माझ्याशेजारी एक नवा हौद बांधून घेतला. काल त्यात पहिल्यांदा पाणी भरलं. बिचारा चारी अंगांनी गळला. नवीन आलेला एक गडी फिदीफिदी हसला, "मालक, हा तर फुटका निघाला. फोडायचा का?"

तोकुजिरो शेकोटीजवळ बसला होता. त्यानं मानही वळवली नाही. "पिऊ दे त्याला," तो म्हणाला. "तहानलाय."

मित्रांनो, माझं सांगणं एवढंच. तुमच्या घरात, शाळेत, गावात कुणी सुकून, आकसून कोपऱ्यात पडलेलं असेल, आणि हातात घेतल्यावर पहिल्याच दिवशी गळायला लागलं, तर लगेच कुऱ्हाड शोधू नका. पाणी घाला, आणि जरा थांबा. माझा हा धाकटा भाऊ सध्या शरमेनं मान खाली घालून उभा आहे. तुम्ही आलात तर त्याला हसू नका. चार दिवसांनी या, जमीन कोरडी झालेली असेल.