पंखे काढल्याची खूण

मी एक जुना ड्रोन आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, भित्रा आहे. शर्यतीचा ड्रोन आणि भित्रा, हे ऐकून तुम्हाला हसू येईल. खुशाल हसा. पण पडण्याची भीती मला कधीच वाटली नाही. झाडांना आपटलो, भिंतींना आपटलो, एकदा गोलपोस्टच्या खांबावर असा आदळलो की माझा एक हात तुटून वीस पावलांवर जाऊन पडला. त्याचं मला काही वाटलं नाही, कारण हात नवा मिळतो. मला भीती वाटते ती माझ्याच पंख्यांची.

माझ्या चार हातांच्या टोकांना चार मोटारी आहेत. प्रत्येक मोटारीवर एक पंखा बसतो आणि प्रत्येक पंख्याला तीन पाती असतात. पाती प्लास्टिकची, वजनाला अगदीच हलकी. हातात घेतलीत तर खेळण्यातली वाटतील. पण फिरायला लागली की ती दिसेनाशी होतात. नुसता एक धूसर गोल दिसतो आणि मी गवतातून गेलो तर गवत कापलं जातं. मला कोणी 'फिर' म्हटलं की मी फिरतो. समोर गवत आहे की बोट आहे, हे मला विचारता येत नाही.

आणि मी आलो ते नेमका अशा घरात, जिथं सगळा संसार एका बोटावर चालला होता.

घरात दोघी बहिणी, थोरली आणि धाकटी. थोरली कवळ्या बनवायची. दातांचे डॉक्टर माणसांच्या हिरड्यांचे साचे पाठवायचे आणि खिडकीजवळच्या लांब टेबलावर ती मेण वितळवून, दात एकेक करून लावून, त्या साच्यांवर हसरी तोंडं उभी करायची. धाकटी तयार कवळ्या डब्यांत भरून स्कूटरवरून दवाखान्यांत पोचवायची. कवळी घासून झाली की थोरली ती उजव्या हातात धरायची, डोळे मिटायची आणि डाव्या हाताची तर्जनी तिच्या कडेवरून सावकाश फिरवायची. केसाएवढी धार राहिली असली तरी त्या बोटाला कळायचं. ती धार तशीच गेली तर कुणा आजोबांच्या हिरडीला जखम होणार आणि त्यांचं जेवण बंद होणार. डॉक्टर मंडळी दुसरीकडे न जाता तिच्याकडेच येत, ती या बोटासाठी.

एक्कावन्नाव्या वर्षी तिला ड्रोन उडवायचं वेड लागलं. तीस वर्षं तिनं वीतभर अंतरावरचंच पाहिलं होतं, त्याचा तिला कंटाळा आला असावा. कुणाच्या तरी फोनवर तिनं शर्यत पाहिली. डोळ्यांवर चष्मा चढवलेली माणसं खुर्चीत बसलेली आणि त्यांचे ड्रोन कमानींमधून सुसाट चाललेले. चष्म्यात दिसतं ते ड्रोनच्या डोळ्यातून दिसतं. 

मोबाइल दुरुस्त करणारा एक माणूस होता. ड्रोन उडवायच्या मैदानावर सगळे त्याला उस्ताद म्हणत. थोरली त्याच्या दुकानात गेली आणि म्हणाली की मला ड्रोन घ्यायचा आहे. त्यानं तिला ड्रोन दिलाच नाही. नुसता रिमोट दिला आणि सांगितलं, "आधी दोन महिने कॉम्प्युटरवर पडा. तिथं पडायला काही लागत नाही." मग रोज संध्याकाळी ती पडद्यावरचा ड्रोन पडद्यावरच्या जमिनीवर आपटत राहिली. धाकटी चहाचा कप पुढे ठेवून, आज किती गेले म्हणून चौकशी करायची.

दोन महिन्यांनी मी आलो, तोही सुट्या तुकड्यांत. सांगाडा, मोटारी, कॅमेरा, तारा आणि बोटभर रुंदीचा एक सर्किट बोर्ड, ज्यात माझी सगळी अक्कल. थोरलीनं मला कवळ्यांच्या टेबलावरच जोडलं. तारांच्या सांध्यांवरचे तिच्या हातचे डाख बघून उस्ताद गप्प झाला. उस्ताद गप्प होणं म्हणजे मोठीच शाबासकी, हे मला पुढे कळलं. पहिल्यांदा बॅटरी जोडताना त्यानं मध्ये एक छोटा बल्ब लावायला लावला. तार कुठं चुकीची भिडली असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि मी जळण्यापासून वाचतो. बल्ब क्षणभर मिणमिणला आणि विझला. मी जिवंत होतो.

मग उस्तादनं ती एक गोष्ट सांगितली. "पंखे मैदानावर लावायचे आणि मैदानावरच काढायचे. टेबलावर पंख्यांचं काम नाही. टेबलावरचा ड्रोन बोटं खातो."

ते ऐकून मला जे धस्स झालं, ते आजतागायत गेलेलं नाही.

सुरुवातीचे दिवस मात्र छान गेले, मित्रांनो. रविवारी सकाळी आम्ही मैदानावर जायचो. चष्मा चढवल्यावर उडवणाऱ्याला आजूबाजूचं काहीच दिसत नाही, म्हणून शेजारी कोणीतरी उघड्या डोळ्यांनी उभं राहावं लागतं. ते काम धाकटीचं. ती थोरलीचं कोपर घट्ट धरून उभी राहायची आणि कुत्रा आला, माणूस आला, सायकल आली, असं सांगत राहायची. माझी बॅटरी तीन-चार मिनिटांची. तेवढ्यात कमानींतून जायचं आणि परत यायचं. मी गवतात हरवलो की पीं-पीं ओरडायचो आणि दोघी वाकून वाकून मला शोधायच्या. नवशिक्यांच्या शर्यतीत आमचा तिसरा नंबर आला. सहा जण होते आणि त्यातले तिघे पहिल्याच कमानीत कोसळले, हा भाग धाकटी सांगताना गाळायची.

माझी काळजी होती ती घरच्या टेबलाची. मोटारी तपासायच्या तर मला कॉम्प्युटरला जोडावं लागतं. पडद्यावर एक लहान चौकट येते. तिच्याशेजारी लिहिलेलं असतं की मी पंखे काढले आहेत आणि मला धोका कळतो. त्या चौकटीत खूण केल्याशिवाय मोटारी फिरत नाहीत. पहिल्या वेळी थोरलीनं ते वाक्य दोनदा वाचलं, माझ्या चारही मोटारींना हात लावून पाहिला आणि मगच खूण केली. दहाव्या वेळी तिनं नुसती एक नजर टाकली. पन्नासाव्या वेळी वाक्य वाचून होण्याइतका वेळ तरी कुठं गेला? चौकट आली की खूण झालीच. दर वेळी ती खूण खरी असायची, कारण पंखे खरोखरच काढलेले असायचे. म्हणूनच मला जास्त भीती वाटायची.

शिवाय तिची स्वतःची एक रीत होती. दुसरे लोक मोटार नीट फिरते की नाही हे कानांनी ऐकतात किंवा कागदाचा कपटा धरून बघतात. ती मला टेबलावर ठेवून, नजर पडद्यावर ठेवून, डाव्या हाताची तर्जनी फिरत्या मोटारीच्या कडेला अलगद लावायची. मोटार कुठल्या दिशेनं फिरते, आत धूळ गेली आहे का, सगळं तिला बोटावरून समजायचं. पंखा नसलेली मोटार गुळगुळीत असते, ती काही करत नाही. उस्तादला ही रीत ठाऊक असती तर त्यानं तिथंच थांबवलं असतं. पण त्याला कोण सांगणार? मी तर बोलत नाही.

तो शनिवार मला विसरता येत नाही. दुसऱ्या दिवशी शर्यत होती. सरावात माझी पुढची उजवी मोटार गेली. उस्तादनं मैदानावरच नवी बसवून दिली आणि ती उलटी तर फिरत नाही ना, एवढं घरी जाऊन बघा म्हणाला. आभाळ भरून आलं होतं, घाई होती, आणि सकाळी पंखे पुन्हा लावायचेच होते. थोरलीनं ते तसेच ठेवले आणि मला पिशवीत घातलं. रस्ताभर मी जीव मुठीत धरून होतो. मनात म्हणत होतो, घरी गेल्यावर काढेल, टेबलावर ठेवायच्या आधी नक्की काढेल.

घरात शिरतानाच तिचा फोन वाजला. दातांचे डॉक्टर होते. एका आजींची कवळी टोचत होती, सोमवारी सकाळी नीट करून हवी होती. थोरलीनं फोन खांद्यात आणि कानात धरला, मला टेबलावर ठेवलं, तार लावली, बॅटरी लावली. पडद्यावर चौकट आली. ती डॉक्टरांना सांगत होती, "पाठवा ना, मी बोट फिरवून बघते." आणि बोलता बोलता तिनं खूण केली.

मित्रांनो, मला सगळं कळत होतं. पण माझ्या सर्किटात लिहिलेलं होतं की पंखे काढले आहेत, आणि मी तेच खरं मानायला बांधलेला. तिनं मोटार चालू केली. मी फिरलो. टेबलावरचे कागद उडाले, ते तिला दिसले, पण सवयीचं बोट आधीच पोचलं होतं.

पुढचं मी सविस्तर सांगणार नाही. धाकटी स्वयंपाकघरातून धावत आली, तिनं आधी बॅटरी उपटली आणि मग ताईचा हात टॉवेलात गुंडाळला.  दोघी तशाच बाहेर पडल्या. फोनमधून डॉक्टर किती तरी वेळ हॅलो हॅलो म्हणत होते.

बोट राहिलं. सात टाके पडले. पण आतली नस कापली गेली होती. संवेदना परत येईल की नाही, हे चार-सहा महिने सांगता येणार नाही, असं शल्यचिकित्सकानं सांगितलं. मला कपाटाच्या माथ्यावर टाकण्यात आलं. माझ्या पुढच्या उजव्या पंख्यावर एक डाग वाळला होता आणि तो कुणी पुसला नाही. वरून मला टेबल दिसायचं. थोरली कवळी घ्यायची, डोळे मिटायची, बोट फिरवायची आणि डोळे उघडायची. पुन्हा फिरवायची. मग उजव्या हाताचं बोट वापरून बघायची, ते काही जमायचं नाही. पहिल्या महिन्यात दोन कवळ्या परत आल्या. तिसरी परत आली तेव्हा थोरली ती कवळी हातात घेऊन संध्याकाळपर्यंत तशीच बसून राहिली. मी वर होतो आणि मला वाटत होतं, मी जोडलाच गेलो नसतो तर बरं झालं असतं.

मग एके दिवशी धाकटीनं स्कूटरची किल्ली ठेवली, खुर्ची ओढली आणि कवळी स्वतःच्या हातात घेतली. तिनं डोळे मिटले. "इथं काहीतरी आहे," ती म्हणाली. थोरलीनं तिथं घासलं. "अजून आहे." पुन्हा घासलं. अशी एक कवळी पूर्ण व्हायला सबंध दुपार गेली. पण ती परत आली नाही. धाकटीचं बोट काही थोरलीसारखं नव्हतं; ते शिकायला तिला पाच महिने लागले, आणि त्या पाच महिन्यांत घरात कुणाला नीट झोप लागली असेल असं मला वाटत नाही.

शेवटी माझी वेळ आली. कपाट साफ करताना धाकटीनं मला खाली काढलं, तो डाग पाहिला आणि तिचा चेहरा बदलला.

"ताई, हे आजच्या आज घराबाहेर गेलं पाहिजे."

थोरलीनं मला तिच्या हातून घेतलं. आतापर्यंत या घरात त्या शनिवाराबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. ती म्हणाली, "त्यानं काय केलं गं? खूण मी केली."

 धाकटीनं ओला कपडा आणला, माझा डाग पुसला आणि चारही पंखे एकेक करून काढले. "ठीक आहे. उडव. पण यापुढं खूण मी करणार."

आता मैदानावर थोरली दुसरा, नवा ड्रोन उडवते. मी म्हातारा झालो आहे. उस्तादच्या दुकानात नवशिक्यांना शिकवण्यासाठी मला टेबलावर ठेवतात. शनिवारी दोघी बहिणी येतात. थोरली तारा, डाख, बॅटरी सगळं समजावते. पडद्यावर चौकट आली की ती हात मागे घेते. धाकटी माझ्या प्रत्येक मोटारीवर बोट टेकवून मोठ्यानं मोजते, एक, दोन, तीन, चार, आणि तेव्हाच खूण करते. नवशिकी मुलं-माणसं हसतात. पंखे नाहीत हे तर दिसतंच आहे, मोजता कशाला, म्हणतात.  तेव्हा थोरली डावा हात टेबलावर ठेवते आणि त्यांना त्या बोटाला टाचणी टोचायला सांगते. कुणाचीच हिंमत होत नाही. मग ती स्वतःच टोचते, आणि टोचत असताना त्यांच्याशी बोलत राहते.

मित्रांनो, तुम्हीही एखादा ड्रोन घ्याल, त्याला जीव लावाल, जपाल. जरूर जपा. पण त्याच्या भरवशावर राहू नका. आम्हाला सांगितलं की आम्ही फिरतो. आमचं आम्हाला थांबता येत नाही.